पुढच्या फेब्रुवारीत

शारजा
शुक्रवार, १६ जानेवारी २००९

प्रिय मृणाल,

घराची किल्ली काल वॉचमनला दिली. तुझी कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या मैमुनाबींकडे पोचवली. त्या म्हणाल्या, "भाभी आयेंगी तो वापस ले जाना." मी इन्शाल्ला म्हणालो. कपाट, सोफा, वॉशिंग मशीन सगळं गेलं. आता मी बेडस्पेसवर. एका खोलीत चौघे, माझ्या वरच्या बंकवर जेरार्ड नावाचा वसईचा माणूस आहे, एका हॉटेलात स्टोअर सांभाळतो. घोरतो, पण मासे झकास करतो. तेव्हा माझी काळजी नको.

फोन दर शुक्रवारी करीन, तीन मिनिटं. तिघांच्या देखत बायकोशी बोलायचं म्हणजे 'जेवलीस का' च्या पुढे गाडी जात नाही, आणि कॉम्प्युटरवरून बोलायची सोय इथे बंदच. म्हणून पत्र. तेही टपालाने नको, माणसाबरोबर. कुणी ना कुणी जातंच असतं, हल्लीच्या मंदीत तर जाणारेच जास्त. हे पत्र आमच्या फॅक्टरीतले विजयकुमार आणताहेत, त्यांना चहा पाज.

आता मुद्द्याचं. आपल्या स्कीइंगच्या सहलीच्या एजंटला भेटलो. पैसे परत मिळणार नाहीत, पण बुकिंग वर्षभर पुढे ढकलता येतं. म्हणून तारीख तीच, सहा फेब्रुवारी, फक्त २००९ च्या जागी २०१०. माणशी सात हजार दिरहम, म्हणजे नव्वद-ब्याण्णव हजार रुपये, पाण्यात गेले नाहीत हे महत्त्वाचं. तोवर मार्केट सुधारेल, तू परत येशील, येरे माझ्या मागल्या.

ब्रोशरची एक प्रत तुझ्याकडे, दुसरी मी रोज वाचतो. तीन डोंगर, ऐंशी लिफ्ट, गावात गाड्यांना बंदी. आपल्यासाठी गावाला लागून एक उतार आहे, तिथे चार वर्षांची पोरं शिकतात. वर जायला सरकती पट्टी, एअरपोर्टवर असते तशी. आपण आठवडाभर तिथेच पडायचं. मॉलमधल्या बर्फावर शिकू म्हणालो तेव्हा तू काय ठसक्यात सांगितलंस, काचेतला बर्फ नको, शिकायचं तर डोंगरावर.

ती नोव्हेंबरातली शुक्रवारची दुपार आठवते? आपल्याला थंडी सोसेल का ते बघायला मी तुला हमरियाला नेलं, फॅक्टरीच्या टेस्ट चेंबरमध्ये, उणे अठराला. कामगारांची जाकिटं घालून अर्धा तास बसलो. मेथीचे पराठे दगड झाले. रजिस्टरात तापमान लिहायला मी पेन काढलं तर ते उमटेना, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल बघून तू म्हणालीस, एवढी मोठी कंपनी आणि पेन्सिल? मग मी ज्ञान पाजळलं, की शाई गोठते बाई, चेंबरमध्ये पेन्सिलच चालते. बाहेर आलो तर तुझी बोटं पांढरीफटक. मी म्हणालो, सतरा वर्षांच्या उन्हानंतर शेवटी गोरी झालीस. हसलीस, पण रंग परत यायला तास गेला. म्हणून सामानाच्या यादीत पहिल्या नंबरवर हातमोजे लिहिलेत.

सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मासळीला आणि आइस्क्रीमला थंडी करून दिली. ज्या थंडीला कॉम्प्रेसर लागत नाही, त्या थंडीत एकदा तुझ्याबरोबर उभं राहायचंय. आभाला सांग, अभ्यास कर, तिला नेणार नाही. हे आईबाबांचं आहे.

तुझा,
शैलेंद्र


सहकारनगर, पुणे
१० फेब्रुवारी २००९

शैलेंद्र,

विजयकुमारांना चहाच काय, साबुदाण्याची खिचडीही खाऊ घातली. परत जाताना ते हे पत्र नेतील. बिचारे, चमच्यावर चमचे साखर घालत होते आणि सांगत होते की फॅक्टरीत दोन लाइन बंद आहेत. तू मला एकच सांगितली होतीस. असू दे, हिशोबात तू पहिल्यापासून कच्चा.

घर लागलं. आभा कॉलेजात जाते, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते, थोडक्यात तिथल्यासारखंच. भांड्याला सगुणाबाई ठेवल्या आहेत. इथल्या सकाळच्या पाण्याला हात लावायला जरा नको वाटतं.

तुझ्या आज्ञेप्रमाणे व्यायाम चालू आहे. रोज दोन मजले तीनदा. गच्चीवर दोन कुंच्यांच्या दांड्या हातात घेऊन, गुडघे वाकवून, पायांची टोकं जवळ आणि टाचा लांब, असं ब्रोशरमधल्या बाईसारखं उभं राहते. समोरच्या जोशीकाकूंनी विचारलं, हे कुठलं नवीन योगासन? म्हटलं, पडायची तयारी. त्यांना वाटलं, इलेक्शनला उभी राहतेय.

वर्षभर थांबायचंय ना, थांबू. वीस वर्षांच्या संसारात आपण फिरायला म्हणून महाबळेश्वरच्या पुढे गेलो नाही, अजून एका वर्षाने काय बिघडतंय. तू मात्र वेळेवर जेव. पत्र लिहीत जा, मोठं लिही. तीन मिनिटांच्या फोनमध्ये तू मला हवामान सांगतोस.

मृणाल

ता. क. हातमोजे घाईने घेऊ नकोस. माप नंतर कळवीन.


शारजा
शुक्रवार, २९ मे २००९

प्रिय मृणाल,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कामाची जागा बदलली. कंपनीचं रास अल खोरला एक काम निघालंय, तिथे भाजीपाल्याचे घाऊक व्यापारी आहेत. देखरेखीचं काम आहे, बसून. साहेबांनी मुद्दाम मला दिलं, म्हणाले, शैलेंद्र, तुमच्यासारखा जुना माणूस पाहिजे. खोलीवरून जाण्यायेण्यात वेळ जातो, बाकी मजेत. अक्षर फिकट दिसेल, पेन कुठेतरी पडलं, हाताला आली ती पेन्सिल चालवतोय.

हे पत्र जेरार्ड आणतोय. हॉटेलात गिऱ्हाईक नाही म्हणून सगळ्यांना पाळीपाळीने सक्तीची रजा देताहेत. तो वसईहून खास पुण्याला येईल, मी शपथ घातलीय. कारण त्याच्याबरोबर हातमोजे पाठवलेत. तुझ्या मापाची वाट बघितली, पण सेल संपत होता. निळे आहेत, आतून लोकर, तळव्याला चामडं. विकणारा म्हणाला, "हबीबी, ये पहनके बरफ में दस साल." तुझा हात माझ्या हाताच्या मानाने केवढा ते मला माहीत आहे, मी दुकानात डोळे मिटून माप सांगितलं.

सगुणाबाई ठेवल्यास ते बरं केलंस. इथे मी सतरा वर्षं सांगत होतो, भांडी घासायला बाई ठेव, तर ऐकलं नाहीस.

थंडीचा सराव माझाही चालू आहे. एवढंच सांगतो की डोंगरावर मी तुझ्यापेक्षा कमी कुडकुडेन. उतार, लिफ्ट, बूट सगळं पाठ झालंय. पहिल्या दिवशी बूट भाड्याने घ्यायचे, पायाला लागले तर लगेच बदलायचे, लाजायचं नाही. हे तुझ्यासाठी लिहितोय, तू चप्पल चावली तरी दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून घालतेस.

शैलेंद्र


पुणे
१४ जून २००९

बाबा, मी आभा लिहितेय. आई सांगतेय, मी लिहितेय. माझे स्पेलिंग मिस्टेक्स काढू नका प्लीज.

शैलेंद्र,

हातात लोणच्याची फोडणी आहे म्हणून लेकीला बसवलंय. तुझे हातमोजे मिळाले. अगदी बरोबर बसले. डोळे मिटून माप सांगणाऱ्या माणसाला एवढं जमतं, तर डोळे उघडे ठेवून काय बिघडतं कोण जाणे. जेरार्डभावजी चार तास बसले, त्यांना डाळिंबी उसळ आवडली. साधा माणूस आहे, त्याला सांभाळ. तुझ्याबद्दल सगळं विचारून घेतलं मी. त्याने चांगलंच सांगितलं.

फेब्रुवारीचं चालू ठेव. रोज त्यातलं काहीतरी लिहीत जा. खोली कुठल्या बाजूला मिळेल, सकाळी नाश्त्याला काय असेल, असलं सगळं. मला ऐकायला आवडतं. गोधडीत शिरून ऐकते.

लवकर झोपत जा. रात्रीची जागरणं करू नकोस. काम बसून असलं तरी अंगात स्वेटर घालत जा.

तुझी मृणाल

बाबा, आई इज स्माइलिंग. मी तिला म्हटलं जूनमध्ये दुबईत स्वेटर कशाला, शी सेड, लिही तू.


शारजा
शुक्रवार, २ ऑक्टोबर २००९

प्रिय मृणाल,

तुझी दोन्ही पत्रं पुन्हा आभाच्या अक्षरात. एकदा लोणचं, एकदा गणपतीची गडबड. आता दिवाळीच्या करंज्या येतील. अगं, इतकी कसली बिझी, चार ओळी स्वतःच्या हाताने लिही की. तुझा तो पाय मोडलेला 'ळ' बघून किती दिवस झाले. पण एक सांगतो, शुक्रवारी फोनवर तुला धाप लागलेली ऐकली की मला बरं वाटतं. म्हणजे जिने चढणं चालू आहे. आता सहाव्यांदा चढत असशील, कारण गेल्या वेळी तुला वाक्य पुरं करता येईना. सावकाश घे, डोंगर पळून जात नाही.

खोली मी पूर्वेची मागितलीय. सकाळी पडदा उघडला की समोर मधला डोंगर. नाश्त्याला पाव, चीज, उकडलेली अंडी, आणि आपण मेतकूट नेणार. साडेनऊला शिकवणारा येईल. पहिला तास नुसतं उभं राहायचं, दुसरा तास पडून उठायचं. उठताना स्कीज उताराला आडव्या ठेवायच्या, उभ्या ठेवल्या की खाली. दुपारी तू दमलीस तर आपण लिफ्टने वर जाऊन नुसते बसू. कॉफीचा मग धरायला हातमोजा काढायचा नाही, तुझी बोटं पांढरी पडतात.

व्हिसाला कंपनीचं एनओसी लागेल, पगाराचा दाखला लागेल. ते मी बघतो. इथे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतात, पण मागितला की देतात. जानेवारीत मागीन. बाकी चार महिने राहिले. मी कॅलेंडरवर खुणा करतो, वरून जेरार्ड बघतो. परवा म्हणाला, "शैलेंद्रभाव, एवढं ठरवू नये." मी म्हटलं, तू कॅथलिक असून इतका निराशावादी कसा?

शैलेंद्र


पुणे
२२ डिसेंबर २००९

शैलेंद्र,

हे घे, स्वतःच्या हाताने. ही चार पानं लिहायला मला नऊ दिवस लागले, हे पहिलं पान शेवटी आज लिहितेय, तेव्हा 'ळ' ला नावं ठेवू नकोस.

नाताळच्या रजेवर आलेले जेरार्डभावजी आज पुण्याला आलेत, आता समोर बसलेत, चहा घेताहेत. नऊ जानेवारीला ते परत निघतील तेव्हा हे तुझ्या हातात देतील. त्यांनी फोन करतो म्हटलं, मी नको म्हटलं. फोनवर तू खोलीतल्या माणसांच्या देखत 'हो हो' म्हणशील आणि मग रात्रभर बसशील. लिहिलेलं तू निमूट वाचतोस, हे मला माहीत आहे. त्यांच्या गळ्यातल्या क्रॉसवर हात ठेवून शब्द घेतलाय.

आधी तुझं सांगते. तुझी नोकरी एप्रिलात गेली. रास अल खोरला तू बसून देखरेख करत नाहीस, फ्रोझन बटाट्याच्या आणि मटाराच्या गोदामात उणे वीसला उभा राहून दर तासाला तापमान लिहितोस, बारा तास. जेरार्डने सांगितलं नाही, त्याने फक्त मान खाली घातली; तपशील मी विजयकुमारांकडून काढला. मला मेच्या पत्रातच कळलं होतं. अरे, मला चेंबरमध्ये बसवून शाई गोठते हे तूच शिकवलंस आणि मग चार पानं पेन्सिलीने लिहिलीस, पेन पडलं म्हणून. एका माणसाचं पेन पाच महिने सापडत नाही होय? त्या दिवशी मी खूप रडले. मग मनात आलं, या माणसाने त्या गारठ्यात उभं राहून माझ्यासाठी सकाळचा नाश्ता लिहिलाय, तर मीही डोंगर चढायचा. म्हणून गप्प बसले. नवी नोकरी, नवा व्हिसा, वर्षभर रजा नाही, हेही माहीत आहे. तू आला नाहीस म्हणून एक दिवस रागावले नाही.

आता माझं. बोटं पांढरी पडायची ती नुसत्या थंडीने नव्हे. शारजात फ्रिजमधून दूध काढतानाही पडायची, तुला दाखवली नाहीत. फेब्रुवारीत इथे डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. कातडी आवळत जाते, आधी बोटांची, मग आतली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी मूठ आता मिटतच नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, थंडी म्हणून आयुष्यात घ्यायची नाही. मी विचारलं, बर्फ? ते हसले. तुला पहिलं पत्र लिहिलं ते त्या संध्याकाळी. कुंचे आणि जोशीकाकू खरे होते, पण ते जानेवारीतले.

गणपतीपासून फुप्फुसात गेलंय. फोनवरची धाप जिन्याची नाही रे. खाटेवरून फोनपर्यंतची आहे.

का नाही सांगितलं, तर तू फेब्रुवारीवर जगत होतास म्हणून. आणि खरं सांगायचं तर मीही. तुझी पत्रं आभा मला वाचून दाखवते तेव्हा तो पूर्वेकडचा पडदा मी रोज उघडते. चूक केली आपण दोघांनी. एकमेकांना जपताना एक अख्खं वर्ष दोन गावांत काढलं. तेवढं वर्ष आपल्याला एका खोलीत मिळालं असतं. याचा मला राग येतो, तुझा नाही, आपला येतो.

आता ऐक. फेब्रुवारीची वाट बघू नकोस. पासपोर्ट माग, नोकरी जाऊ दे, लगेच ये. स्कीज नकोत, जाकीट नको. मला तू बाजूला बसून ते ब्रोशर वाचून दाखवायला पाहिजेस. आभा उच्चार फार इंग्लिश करते.

वाट बघतेय.

मृणाल


सहकारनगर, पुणे
शनिवार, ६ फेब्रुवारी २०१०

जेरार्ड,

तुझे तीन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. आभा म्हणाली, अंकल वॉज क्रायिंग. म्हणून लिहितोय.

सात जानेवारीला, गुरुवारी संध्याकाळी आभाचा फोन आला तेव्हा तू वसईत होतास. मला फक्त 'आई गेली' एवढं कळलं. कशाने, ते कळेना. मी तिला विचारत राहिलो, पडली का, जिन्यावरून पडली का. मृणाल सराव करतेय, हेच डोक्यात होतं. धावत गोदामाच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर भला माणूस, पण तिजोरीची किल्ली हेड ऑफिसला, शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणाला, संडे. मी दोन दिवस आपल्या खोलीत बसून होतो. शनिवारी तू बॅग घेऊन आत आलास, माझा चेहरा बघितलास आणि ते पाकीट दिलंस. त्याच सकाळी इथे तिला नेलं. आभाने अग्नी दिला.

पत्र तिथे तुझ्यासमोर वाचलं. तू कोपऱ्यात उभा होतास. तेव्हा मी तुला काय काय बोललो ते सगळं मला आठवतं. अठरा दिवस तू हे वसईत कपाटात ठेवलंस, केक कापलास, मिडनाइट मासला गेलास, असं मी बोललो. तू एकदाही म्हणाला नाहीस की वहिनींनी क्रॉसवर शब्द घेतला होता. ते मला पत्रातच दिसत होतं आणि तरी मी बोललो. माफ कर. तुझ्या जागी मीही शब्द पाळला असता. शब्द घेणारी ती, पत्र माणसाबरोबरच पाठव असं तिला वर्षभर सांगणारा मी. मध्ये तू सापडलास.

आज सहा तारीख. एजंटचा सकाळी मेसेज आला, हॅपी हॉलिडेज. कॅन्सल करायचं राहूनच गेलं.

दुपारी आभाने मृणालचं कपाट उघडलं. ब्रोशर होतं, पानं सुटी झालेली. माझी सगळी पत्रं होती, पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून प्रत्येक पानाला बटर पेपर लावलेला. आणि तू आणलेले निळे हातमोजे. जूनपासून ती ते रोज घालायची म्हणे. दूध तापवताना, नळाखाली, फ्रिज उघडताना, शेवटी झोपतानाही. तळव्याचं चामडं पार झिजलंय, उजव्या अंगठ्याला आभाने शिवण घातलीय. बर्फाला एकदाही लागलेले नाहीत, आणि इतके झिजलेत. मी ते हातात घालून बघितले. मला होत नाहीत. माप मी बरोबर सांगितलं होतं.

मी परत येणार नाही. माझ्या बंकखाली पेटी आहे, त्यात दोन जाकिटं आहेत, कुणाला थंडीत काम असेल त्याला दे. मैमुनाबींना निरोप सांग, कुंडी तुमच्याकडेच राहू द्या.

आणि एक. तुझी आई आजारी असते, तू सांगतोस. तिच्याबद्दल घरचे काही लपवताहेत असं वाटलं, तर कुणी जाणाऱ्या-येणाऱ्याची वाट बघू नकोस. उचल फोन, कितीही बिल येऊ दे, खोलीत कितीही माणसं असू देत.

हे पत्र मी आज पोस्टात टाकतोय.

शैलेंद्र